५० शेडचे ऑइल पेस्टल : रात्रीचा समुद्र आणि शार्क रंगवून झाल्यावर

पाऊस सरता सरता हा डबा घेतला, आता मे उजाडलाय. म्हणजे हिवाळा आणि सांगलीचा उन्हाळा दोन्ही त्याने बघितलेत. देशी कंपनीचाच आहे, शाळकरी मुलांना परवडेल असा. घेऊ की नको एवढंच विचारायचं असेल तर घ्या. मात्र गडद निळा आणि काळा सुटे मिळतात का, हे दुकानदाराला आधी विचारा. का ते पुढे येईलच.

विश्रामबागेत घरीच माझा शनिवार-रविवारी चित्रकलेचा क्लास असतो. मुलं पाचवी ते आठवीची. दिवाळीनंतर कुणीतरी रात्रीच्या समुद्रातला शार्क काढला आणि मग सगळ्यांना तोच हवा झाला. एकाने मात्र विचारलं, "मॅडम, मगर काढली तर चालतंय का?" कृष्णाकाठच्या पोराचा प्रश्न रास्तच आहे. औदुंबर-भिलवडीकडची मगर त्याला घरची, शार्क फक्त मोबाईलमधला. त्याने मगरच काढली, समुद्रात. काढू दिली.

दुपारचं चित्र कुठल्याही डब्यातून बरं निघतं. डब्याची खरी परीक्षा रात्रीच्या चित्रात होते. ऑइल पेस्टल म्हणजे रंगद्रव्य, मेण आणि न सुकणारं तेल. स्वस्तात मेणाचं प्रमाण वाढवलेलं असलं की पहिल्या थरावर दुसरा बसत नाही, खडू नुसता घसरतो. या डब्यातला प्रशियन ब्लू, म्हणजे तो गडद निळा, जाड कार्ट्रिज कागदावर आरामात तीन थर देतो. पातळ ड्रॉइंगबुकच्या पानावर दुसऱ्याच थराला कागदाचे लव सुटायला लागतात, तो दोष खडूचा नाही. जांभळाही चांगला दाट आहे. काळा मात्र कोरडा. चुरा फार पडतो, आणि तो फुंकायच्या ऐवजी मुलं हाताने झटकतात की चंद्र काळा झालाच म्हणून समजा.

तसंही रात्रीसाठी काळा मी शेवटी आणि कोपऱ्यातच देते. आधी चंद्राखालच्या पट्ट्यात पांढरा, त्याला लागून आकाशी, मग कोबाल्ट, मग प्रशियन, त्यावर जांभळा, असं उजेडाकडून अंधाराकडे जायचं. उलट दिशेने गेलं तर गडद रंग ओढला जाऊन सगळं मळकट होतं. मिसळायला बोट उत्तम, बारीक जागी इअरबड. खोबरेल तेलाचा बोळा फिरवायचा उपाय बरेच जण सांगतात. रंग गुळगुळीत होतो खरा, पण कागदाच्या मागे तेलाचा डाग उतरतो आणि जात नाही.

आता शार्क. ग्रेट व्हाइटसारख्या शार्कची पाठ गडद आणि पोट पांढरं असतं. वरून बघणाऱ्याला पाठ खालच्या अंधारात मिसळते, खालून बघणाऱ्याला पोट वरच्या उजेडात. मुलं फोटो बघून पोट पांढरंफेक ठेवतात आणि मग शार्क कात्रीने कापून डिंकाने चिकटवल्यासारखा दिसतो. चांदणं वरून येतंय, तर उजेड पाठीवर पडणार, पोट सावलीत जाणार. म्हणून पोटाला करडा आणि त्यावर हलका जांभळा. पाठीच्या कडेला आणि वरच्या पराला फिकट फिरोजी रंगाची एकच रेघ, आणि शेपटीची कडा चक्क पाण्यात विरघळू द्यायची. या डब्यातल्या दोन करड्यांपैकी थंड निळसर करडा या कामाला इतका फिट बसतो की तेवढ्यासाठी मी कंपनीला पैकीच्या पैकी देईन. शेपटी उभी काढायची, एवढं मात्र आठवण करून द्यावं लागतं. आडवी झाली की डॉल्फिन होतो.

लाल रंगाचा मोह आवरा. पाण्यात लाल प्रकाश सगळ्यात आधी शोषला जातो, त्यामुळे खोलात भडक लाल दिसतच नाही. त्यापेक्षा शार्कच्या मागे निळसर ठिपक्यांची लकेर द्या. नॉक्टिलुकासारखे सूक्ष्मजीव पाणी हललं की निळे चमकतात. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर हा प्रकार दिसतो, आमच्याकडचे गणपतीपुळ्याला जाणारे काही जण तो बघूनही आलेत.

पण हे ठिपके द्यायला गेलं की पांढरा खडू रडवतो. गडद थरावर टेकवला की खालचा निळा उचलतो, आणि तिसरा ठिपका थेट राखाडी. प्रत्येक ठिपक्यानंतर टोक सुती फडक्याला पुसायचं आणि दाबून एकदाच टेकवायचं, परत फिरवायचा नाही. पोस्टर कलरचा पांढरा वरून देऊन बघितला. तेलावर पाणी कुठलं ठरतंय, थेंब गोळा होऊन बाजूला झाला. सगळ्यात चांगलं म्हणजे आधीच खाली फिकट निळा दाट भरायचा, वर प्रशियन, आणि संपलेल्या रिफिलच्या टोकाने खरवडायचं. व्हेल शार्कला तर हाच उपाय. त्याच्या पाठीवर पांढरे ठिपकेच ठिपके असतात. गुजरातच्या किनाऱ्याला येणारा हा सगळ्यात मोठा मासा भारतात २००१ पासून कायद्याने संरक्षित आहे, आणि तो सूक्ष्म जीव आणि बारीक मासे गाळून खातो, हे ऐकून दातवाला शार्क हवा असलेली दोन पोरं नाराजही झाली.

उन्हाळ्याचं सांगायचं राहिलं. एप्रिलपासून पारा चाळिशीला टेकला की खडू लिबलिबीत होतात, कागदी वेष्टण तेलकट होऊन सुटतं आणि दाबलं की खडू मधोमध वाकतो. डबा पत्र्याखालच्या कपाटातून काढून आता माठाशेजारच्या फडताळात ठेवलाय, बरंच बरं आहे. थंडीत उलटा त्रास, तेव्हा थोडा वेळ मुठीत धरून मग वापरायचे.

चित्र कधीच पूर्ण वाळत नाही, हे घेण्याआधी माहीत असू द्या. फिक्सेटिव्हचा, म्हणजे रंग धरून ठेवणारा, फवारा मारूनही बोट लावलं की रंग येतोच. फाइलमध्ये मध्ये बटर पेपर घालावा लागतो, नाहीतर एकाचा शार्क दुसऱ्याच्या चंद्रावर उमटतो. भिंतीला लावायचं असेल तर काचेची फ्रेम, आणि काच चित्राला टेकता कामा नये.

५० शेडमधले गुलाबी, पोपटी, त्वचेचे रंग अजून कोरे करकरीत पडलेत. प्रशियन ब्लू संक्रांतीलाच संपला, पाठोपाठ काळा. हरभट रोडला एका दुकानात सुटे मिळाले, दुसऱ्याने "आख्खा डबाच घ्या" म्हणून परत पाठवलं. नुसती रात्रीची चित्रं काढणार असाल तर २५ शेडचा डबा आणि वर चार निळे सुटे घ्या, स्वस्तात काम होईल. मी जूनमध्ये तेच करणार आहे.