स्वस्त ओबीडी स्कॅनर आणि मल्टिमीटर: डिझेल गाडीवर काही महिने वापरल्यानंतर

हजार रुपयांच्या आत मिळणारा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटात बसवून इंजिनच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड आणि आकडे वाचणारा), मोबाइलवरचं फुकटचं अ‍ॅप आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर. ‘रेस घेत नाही’ आणि ‘सेल्फ फिरतो पण गाडी उचलत नाही’ हे डिझेलचे दोन नेहमीचे आजार एवढ्या सामानावर कितपत पकडता येतात, ते इथं लिहितोय. गाड्या बीएस४ आणि बीएस६, कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, जास्त दाबाचं डिझेल मिळतं त्या). वापर परभणी-नांदेड पट्ट्यातला, पावसाळ्यातल्या काळ्या चिखलापासून मे महिन्याच्या उन्हापर्यंत.

मत आधीच सांगतो. कोड वाचण्यापुरता घेणार असाल तर पैसे वाचवा, कोड कुठल्याही गॅरेजवर वाचून मिळतो. इंजिन चालू असताना हलणारे आकडे बघायला मात्र याच्यासारखं स्वस्त काही नाही.

आधी अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल. चेक लाइट लागते, गाडी रेस घेईना, स्कॅनरवर पी२१३८ येतो आणि समोरचा मिस्त्री लगेच नवीन पेडल टाकायला सांगतो. त्या कोडचा अर्थ फक्त एवढाच, की पेडलमधल्या दोन सेन्सरचं एकमेकांशी जुळत नाही. इग्निशन ऑन, इंजिन बंद ठेवा, अ‍ॅपमध्ये पेडल पोझिशन डी आणि ई (हेच ते दोन सेन्सर) ग्राफला लावा आणि पेडल अगदी सावकाश दाबा. दोन्ही रेषा सोबत चढायला हव्यात. दाबताना दरवेळी एकाच जागी खड्डा पडत असेल तर पेडल गेलं. पाय न लावता नुसती वायर हलवून रेषा उडत असेल तर दोष कपलरमध्ये (वायर जोडायच्या प्लगमध्ये) किंवा वायरमध्ये. आपल्याकडं शेडात उंदीर वायर कुरतडतात आणि वॉशिंग सेंटरवाला प्रेशरनं पाणी मारतो. कपलर उघडला की पिनांवर हिरवट बुरशी दिसते.

मग मीटर. सहा पिनांपैकी दोनवर ५ व्होल्ट, दोन अर्थ (निगेटिव्ह), दोन सिग्नल. बऱ्याच गाड्यांत पाय न ठेवता पहिला सिग्नल ०.७ ते ०.८ व्होल्ट आणि दुसरा त्याच्या निम्मा असतो. पूर्ण दाबल्यावर साधारण ४ आणि २. पाचच्या जागी तीन-साडेतीनच व्होल्ट येत असतील तर पेडलला हात लावू नका. त्याच लाइनवर बसलेला दुसरा एखादा सेन्सर शॉर्ट होऊन व्होल्टेज खाली ओढत असतो. एकेक कपलर काढत जा. ज्याच्या वेळी ५ परत येतील तो चोर. अशा वेळी पी०६४१ किंवा पी०६५१ (५ व्होल्टच्या लाइनचे कोड) सोबत दिसण्याची शक्यता असते.

डिझेलची थ्रॉटल बॉडी हे वेगळंच प्रकरण. पेट्रोलसारखी रेस तिच्यावर चालत नाही, रेस ठरते डिझेलच्या मात्रेवर. ती बहुतेक वेळ उघडीच असते. ईजीआर (धूर परत इंजिनात घेणं), डीपीएफ (सायलेन्सरकडच्या फिल्टरातली काजळी) जाळणं आणि इंजिन बंद करताना हादरा कमी करणं यासाठी मिटते. पी२१०१ (थ्रॉटलच्या मोटरचा कोड) आला तर आधी काजळी साफ करून बघा.

आता गाडी न उचलण्याचा आजार, म्हणजे डिझेलचा पंप. अ‍ॅप रेल प्रेशर (रेलमधल्या डिझेलचा दाब) बहुधा केपीएमध्ये दाखवतं. शंभर केपीए म्हणजे १ बार, म्हणून ३०,००० दिसले तर ३०० बार. सेल्फ मारताना साधारण २०० बारच्या आसपास पोचायला हवं, आयडलला २५० ते ३५०. मॉडेलप्रमाणे फरक पडतो. इंजिन थंड, बराच वेळ बंद, तरी १०० बार दाखवतंय? मग प्रेशर सेन्सर किंवा त्याची अर्थची वायर बघा, कारण शून्य प्रेशरला सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या जवळ असतो. सेल्फ मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली बसत असेल तर आधी बॅटरी.

पी००८७ (रेल प्रेशर कमी) म्हणजे लगेच हाय प्रेशर पंप उतरवणं हा सगळ्यात महागडा सल्ला. आधी फिल्टरच्या तळाचं पाणी काढा. कॅनमधून डिझेल भरणाऱ्या गाड्यांत हमखास निघतं. मग फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक पाइप लावा. बुडबुडे दिसले तर हवा धरतेय: फिल्टरचं सील, क्लॅम्प, तडकलेला पाइप.

टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल (काही गाड्यांत नसतो, हाय प्रेशर पंपच डिझेल ओढतो) तर कपलर काढून व्होल्टेज मोजू नका. वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर बारा दाखवतो. पंप चालू ठेवून मोजा: एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं पंपाच्या अर्थला. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ खराब. पॉझिटिव्हच्या बाजूनं अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर रिले उपसा आणि ३० व ८७ नंबरच्या घराकडं बघा. प्लास्टिक तपकिरी पडून फुगलेलं असेल तर पिन सैल आहे. तिथं नुसता नवा रिले घातला तर तोही जळेल, बेसच बदलावा लागतो. बॉश सीपी३ सारख्या पंपाचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा) ३ ओहमच्या आसपास असतो. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून जो आकडा येईल तो वजा करा.

जुन्या पंपाच्या सवयीनं काही मिस्त्री चालू इंजिनवर इंजेक्टरची नळी ढिली करून ‘सिलिंडर कापतात’, म्हणजे एकेक सिलिंडर बंद करून कुठला काम करत नाही ते बघतात. कॉमन रेलवर हे करू देऊ नका. शेकडो बारचं डिझेल कातडीत शिरतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात जातो.

यंत्राच्या उणिवा. स्वस्त नकलांवर ‘आवृत्ती १.५’ छापलेलं असतं, ती ज्या ईएलएम३२७ चिपची ही नक्कल, तिच्या मूळ कंपनीनं कधी काढलीच नव्हती. अशा नकला आकडे हळू देतात आणि सेल्फ मारताना कनेक्शन सोडतात. बीएस३ गाड्यांशी अनेकदा बोलतच नाहीत. इंजेक्टर कोडिंग, थ्रॉटल लर्निंग (नवा इंजेक्टर किंवा थ्रॉटल गाडीच्या कॉम्प्युटरला ओळखवणं) यांनी होत नाही, त्याला कंपनीचा स्कॅनर लागतो. साधं ब्लूटूथ मॉडेल आयफोनला जोडलं जात नाही, वायफाय किंवा ब्लूटूथ एलई वालं घ्या. सॉकेटच्या १६ नंबर पिनला चावी बंद असतानाही करंट असतो, त्यामुळं गाडी चार-सहा दिवस उभी राहणार असेल तर स्कॅनर काढून ठेवा. आणि कोड पुसण्याआधी फ्रीज फ्रेमचा (कोड आला त्या क्षणाच्या आकड्यांचा) स्क्रीनशॉट घ्या, कोडसोबत तीही पुसली जाते.