सुटसुटीत की सगळं एकात? नागपुरात व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करायला बसलेल्यांसाठी

नागपुरात दोन-तीन जणांनी मिळून सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं, की पहिली गिऱ्हाइकं बहुधा इतवारी, गांधीबाग नाहीतर कळमना मार्केटमधली मिळतात. पहिल्याच बैठकीत प्रश्न निघतो: बिलापुरतं करायचं, की स्टॉक, उधारी, पगार, मोबाइल ॲप सगळं एकदम? मी सुटसुटीत बाजूचा आहे, पण एका अटीवर. ती अट पुढे सांगतो, कारण माझ्या मते खरा निर्णय तिथेच होतो.

सुटसुटीतपणाची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. 1969 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सुरू केलं. 1973 मध्ये तिथलेच डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे त्यात पाइप आला, म्हणजे एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याला देता येऊ लागलं. एका प्रोग्रामने एकच काम नीट करावं ही शिस्त त्यामुळे व्यवहारात उतरली. मजकूर शोधणारा ग्रेप आणि ओळी क्रमाने लावणारा सॉर्ट हे त्यातले छोटे प्रोग्राम आजही रोज वापरात आहेत. दुसऱ्या टोकाला वर्ड आहे. मेनू आणि टूलबारची इतकी गर्दी झाली, की असलेल्या सोयीही लोकांना सापडेनात, म्हणून ऑफिस 2007 मध्ये रिबन, म्हणजे बटणांची टॅबवार पट्टी, आणावा लागला. तरीही सोयी काढून टाकता आल्या नाहीत. वकिलाला लागतं ते शिक्षकाला लागत नाही, पण प्रत्येक सोय कुणाच्या तरी रोजच्या कामाची असतेच.

आता कळमन्यातल्या अडत्याचा काउंटर बघा. डाव्या हातात काटापट्टी, उजवा हात नंबरपॅडवर. शेतकऱ्याचं नाव, गाव, माल, वजन, भाव, हमाली, तोलाई, खरेदीदार, आणि हिशोबपट्टी छापून हातात. समोर काटोल किंवा नरखेडहून संत्री घेऊन आलेला माणूस उभा, त्याला गाडी सोडायची आहे. इथे स्क्रीनवर डिस्काउंट, सेल्समन, लॉयल्टी पॉइंट असे तीन रकाने रिकामे ठेवले, तर प्रत्येक पट्टीला तीन वेळा जास्तीचं एंटर दाबावं लागतं. मधेच माउस धरावा लागला तर काम आणखी रेंगाळतं. दिवसभर एकच माणूस एकच काम करतो, तिथे न लागणारा प्रत्येक रकाना रोज वेळ खातो. अशा ठिकाणी सुटसुटीतच करा, मन घट्ट करून.

गांधीबागेतल्या ठोक कापड व्यापाऱ्याला हेच सॉफ्टवेअर दिलं तर तो महिन्याभरात कंटाळेल. ई-इन्व्हॉइसची, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याच्या सक्तीची, मर्यादा ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटींच्या उलाढालीवर होती, ती उतरत उतरत 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर आली. त्याच्या वर गेलेल्या व्यापाऱ्याला इतर व्यापाऱ्यांना दिलेल्या प्रत्येक बिलाचा आयआरएन (पोर्टलवरून मिळणारा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड हवा, माल पाठवायचा तर बहुधा ई-वे बिल, म्हणजे वाहतुकीचा ऑनलाइन परवाना, तोही. तुमच्यात ते नसेल, तर मुनीम तीच माहिती पोर्टलवर पुन्हा भरतो आणि एक एक्सेल शीट वेगळी ठेवतो. काम कमी झालं नाही, ते फक्त तुमच्या कोडमधून त्याच्या टेबलावर गेलं. सुटसुटीतपणाच्या बाजूने बोलणारे आम्ही लोक हे बरेचदा विसरतो.

सुरक्षेच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी धडे आहेत. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे या, प्रोग्राममधल्या घडामोडींची नोंद (लॉग) ठेवणाऱ्या तयार कोडच्या लायब्ररीतली त्रुटी उघड झाली. लॉगमध्ये लिहायच्या मजकुरातून बाहेरच्या सर्व्हरवरची माहिती मागवता येईल अशी एक सोय त्या लायब्ररीत होती. बहुतेकांना ती कधी लागलीच नव्हती, पण सुरू मात्र सगळ्यांकडे होती, आणि त्यामुळे जगभरच्या टीम रात्री जागल्या. उलट मार्च 2016 मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या तयार कोडच्या भांडारातून लेफ्टपॅड नावाचं 11 ओळींचं पॅकेज काढलं गेलं आणि त्यावर अवलंबून असलेले असंख्य प्रोजेक्ट बिल्ड होईनात, म्हणजे तयारच होईनात. स्वतःचा कोड छोटा दिसतो म्हणून आपण किती जणांवर अवलंबून आहोत हे मोजायचं राहून जातं.

म्हणूनच साधनं निवडताना माझा कौल उलटा पडतो. फ्लास्क आणि जँगो हे पायथॉनमध्ये वेब सॉफ्टवेअर बांधायचे दोन तयार सांगाडे. फ्लास्क छोटं, शिकायला सोपं. जँगो 2005 मध्ये खुलं झालं, आणि ते कॅन्ससमधल्या एका वृत्तपत्राच्या वेब टीमच्या कामातून तयार झालेलं असल्याने लॉगिन, परवानग्या, ॲडमिन, डेटाबेस मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलायची सोय) सगळं सोबत येतं. बिलिंगसारख्या कामात हे आज ना उद्या लागतंच. फ्लास्कवर ते एकेक एक्स्टेन्शन (जोड-पॅकेज) लावत जोडत गेलात तर दोन वर्षांनी प्रत्येकाचं अपडेट तुम्हालाच सांभाळायचं आहे, आणि तुमची टीम तीन जणांची आहे. जँगो घ्या. डेटाबेस मात्र एका काउंटरला एसक्यूलाइट, म्हणजे एका फाइलीत मावणारा डेटाबेस, पुरे, अँड्रॉइड फोनमध्येही तोच असतो. त्यात एका वेळी एकालाच लिहिता येतं, आणि त्याची फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उघडली तर ती खराब होऊ शकते. दुसरा काउंटर येणार असेल तर सरळ पोस्टग्रेसवर, म्हणजे अनेकांना एकाच वेळी वापरता येणाऱ्या डेटाबेस सर्व्हरवर, जा.

आता माझी अट. काही गोष्टी सोयींच्या यादीत धरायच्याच नाहीत, त्या पहिल्या दिवसापासून हव्यात: आपोआप होणारा बॅकअप, कोणती नोंद कुणी कधी बदलली याचा माग, आणि तारखेसह साठवलेले दर. कंपनी म्हणून नोंद असलेल्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांचा माग 1 एप्रिल 2023 पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. दरांचं तर ताजं उदाहरण आहे. 22 सप्टेंबर 2025 ला बहुतेक मालासाठी जीएसटीचे 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे गेले. ज्यांनी दर टेबलमध्ये 'या तारखेपासून' असे ठेवले होते, त्यांनी नव्या ओळी टाकल्या. जुन्या बिलावरची क्रेडिट नोट जुन्याच दराने निघाली. कोडमध्ये आकडे लिहून ठेवले असतील तर नवीन व्हर्जन घेऊन दुकानोदुकानी फिरावं लागतं. 2016 मध्ये फळं-भाजीपाल्याची अडत (अडत्याची दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली, तेव्हाही प्रश्न हाच होता: कुठला खर्च कुणाच्या खात्यावर जातो हे सेटिंगमध्ये आहे की कोडमध्ये?

बैठकीत 'काय काय हवं' असं विचारू नका, यादी वाढतच जाते. मागच्या आठवड्याच्या पट्ट्या, बिलबुक आणि उधारीची वही मागा. वहीत जे हाताने लिहिलं जातंय, ते पहिल्या व्हर्जनमध्ये घ्या. बाकीच्या प्रत्येक मागणीचा दर कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहा आणि वार्षिक देखभालीतही तिचा वेगळा आकडा दाखवा, कारण एकदा दिलेली सोय परत काढायला गेलात तर नेमकं तीच वापरणारं एखादं दुकान निघतंच.