टेक्निक्स एसएल-१२०० एमके७: लॅपटॉपवर पोट भरणाऱ्या डीजेचा अनुभव

हे टर्नटेबल घ्यावं का, असं मला विचारणाऱ्या बहुतेकांच्या पोटात वेगळाच प्रश्न असतो: लॅपटॉपवर वाजवणारा डीजे खरा की रेकॉर्डवाला? त्या भांडणाला आता बरीच वर्षं झाली आणि त्यातली गंमतही संपली. माझं घर लॅपटॉपवर चालतं. पुण्याच्या आसपासच्या लॉन्सवरची लग्नं, रिसेप्शनं, संगीत, हल्ली एकसष्टीचे कार्यक्रमसुद्धा. एमके७ची जोडी मी घरी जवळजवळ रोज वापरते आणि बाहेर जागा बघून नेते. तेव्हा जे लिहितेय ते वापरून लिहितेय.

थोडा इतिहास, कारण किंमत त्याचीही आहे. एसएल-१२०० पहिल्यांदा १९७२ साली आलं, तेही घरी बसून गाणी ऐकणाऱ्यांसाठी. मोटर थेट प्लॅटरखाली, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीखाली, मध्ये रबरी पट्टा नाही. त्यामुळे तबकडी हाताने धरून ठेवली तरी खाली प्लॅटर फिरत राहतो आणि हात काढला की गाणं लगेच वेगात येतं. पट्ट्याच्या प्लेअरवर हे करून बघा, जीव वर-खाली होतो. १९७९च्या एमके२मध्ये उजव्या कडेला वेग कमी-जास्त करणारी उभी पिच पट्टी आली आणि क्लबवाल्यांनी हे यंत्र कायमचं आपलंसं केलं. २०१० साली कंपनीने उत्पादन बंद केलं. २०१६ला ते परत आलं, पण फक्त कानसेनांच्याच खिशाला परवडेल अशा चढ्या भावात. डीजेंसाठीचं एमके७ आलं ते २०१९मध्ये.

वजन ९.६ किलो. जुनं एमके२ याहून जड, त्यामुळे जुनी मंडळी नाक मुरडतात. मुरडोत. पेट्या उचलायला कोण येतं? माझ्याबरोबरचा पोरगा गाडीपाशी येऊन सरळ सांगतो, “ताई, लॅपटॉपची बॅग मी घेतो, ह्या दोन पेट्यांचं तुम्ही बघा.” लॅपटॉपवरची गाणी हाताळायचा बटणांचा कंट्रोलर एका हातात मावतो. इथे दोन डेक म्हणजे टर्नटेबलं, दोन्हींचा आवाज एकत्र करणारा मिक्सर, सुया, केबली, आणि खऱ्या रेकॉर्ड न्यायच्या तर त्यांची वेगळी पेटी. पन्नास एलपी उचलून दोन जिने चढलात की लॅपटॉपबद्दलचं तुमचं मत आपोआप सुधारतं.

आता मुद्द्याचं. मी जी गाणी वाजवते त्यातली निम्मी जुनी आहेत, साठच्या आणि सत्तरच्या दशकातली हिंदी-मराठी. दोन गाणी एकात एक मिसळायची तर त्यांचा वेग जुळावा लागतो. लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर गाण्याचे ठोके मोजतं, त्यावर ठोक्यांच्या खुणांची ग्रिड आखतं, आणि सिंकचं बटण दाबलं की दुसरं गाणं पहिल्याच्या वेगावर आणून बसवतं. आजच्या गाण्यांना हे चोख लागू पडतं, कारण ती कॉम्प्युटरवर ठरलेल्या वेगातच बांधलेली असतात. पंचमच्या काळातली गाणी स्टुडिओत समोरासमोर बसून वाजवलेली आहेत. ड्रम, काँगो, ढोलक, तबला, सगळी हाडामांसाची माणसं. अंतऱ्यात जोर आला की लय किंचित पुढे सरकते, मुखड्यावर परत सैल होते. ऐकणाऱ्याला ते जाणवतही नाही, उलट त्यातच मजा असते. पण सुरुवातीच्या चार मात्रांवर आखलेली ग्रिड पहिला अंतरा संपेस्तोवर भरकटलेली असते, आणि सिंक त्या भरकटलेल्या ग्रिडवर डोळे मिटून विश्वास ठेवतं. मग मांडवात दोन ढोलक एकमेकांच्या पायात पाय घालतात.

यावर लॅपटॉपवाल्यांकडे इलाज आहे. ग्रिड हाताने जागोजागी ठोकून घ्यायची. हमखास फर्माईश येणाऱ्या गाण्यांना मी ते केलंय. पण प्रत्येक गाण्याला कोण करत बसणार?

एमके७वर हे काम पिच पट्टी करते. हेडफोनच्या एका कानात येणारं गाणं, दुसऱ्या कानाने बाहेरचं, आणि उजव्या हाताचं बोट पट्टीवर. लय पुढे गेली की बोट मागे. एरवी ±८ टक्के, बटण दाबलं की ±१६. पट्टीची चाल गुळगुळीत आहे, केसभर सरकवली तरी फरक कळतो. जुन्या एमके२मध्ये बरोब्बर शून्यावर एक ‘टक्’ लागायची आणि तिच्या अगदी शेजारचा वेग धरताना त्रास व्हायचा. इथे ती टक् नाही, मूळ वेगावर यायला वेगळं रिसेट बटण दिलंय. माझ्यापुरतं, एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा नवं मॉडेल जुन्यापेक्षा सरस.

याला एक झकास अपवाद आहे, आणि तो मुंबईचाच. चरणजित सिंग यांनी १९८२ साली ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड केली ती रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ (ठेक्याचं यंत्र), टीबी-३०३ (बेसचं यंत्र) वगैरेंवर. ठेका यंत्राचा, त्यामुळे पहिल्या मात्रेपासून शेवटच्यापर्यंत जागचा हलत नाही. तेव्हा तिला फारसं कोणी विचारलं नाही. २०१०ला ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे डीजे चाट पडले. तिच्यावर सिंक बिनधास्त दाबा. म्हणजे गाणं किती जुनं याला महत्त्व नाही, ठेका कोणी धरलाय ते बघायचं.

खऱ्या रेकॉर्डचं फार गुणगान मात्र ऐकवू नका. आपल्याकडच्या फिल्मी एलपीत एका बाजूला वीस-वीस मिनिटं भरतील एवढी गाणी कोंबलेली असतात. जितकी लांब बाजू तितक्या खाचा जवळजवळ, आवाज लहान, बेस पातळ. न्यूयॉर्कच्या क्लबांसाठी सत्तरच्या दशकात बारा इंचांवर एकेकच गाणं कापायला लागले ते याचसाठी. तो जोर आपल्या जुन्या एलपीत शोधू नये. तेवढ्यासाठी मिक्सरवर आवाज चढवला की सुई आजूबाजूचं सगळं ऐकायला लागते. बेसचे डबे त्याच स्टेजवर असले तर घूं करून सूर लागतो, आणि तो रागदारीतला नसतो.

म्हणून बाहेर मी टाइमकोड वापरते. रेकॉर्डसारखी रेकॉर्ड, पण तिच्यात गाणं नसतं, एक किलोहर्ट्झच्या आसपासचा सूर आणि त्यात दडवलेले खुणेचे आकडे. सुई ते वाचते, लॅपटॉपला कळतं की तबकडी किती वेगाने, कुठल्या दिशेने आणि कितव्या जागी फिरतेय, आणि तो आपल्याकडची फाइल तशीच वाजवतो. सेराटो आणि रेन या कंपन्यांनी २००४मध्ये हे घराघरांत नेलं, त्याच्या थोडं आधी फायनल स्क्रॅच नावाच्या यंत्रणेने सुरुवात केली होती. एका रिसेप्शनला नवरीचा शाळकरी भाऊ बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, “गाणं लॅपटॉपमधून येतंय ना? मग हे फिरवता कशाला?” मी त्याला एक डेक दिला, म्हटलं, गाणं पुढे-मागे करून बघ. जेवणाचं बोलावणं येईपर्यंत पठ्ठ्या हलला नाही.

लॉनवर टाइमकोड रिलेटिव्ह मोडमध्ये ठेवा. लाकडी स्टेजवर नवऱ्याचे मित्र उड्या मारतात तेव्हा सुई उडणारच. ॲब्सोल्यूट मोडमध्ये सुई जिथे पडेल तिथे गाणंही उडी मारतं, रिलेटिव्हमध्ये ते होतं तिथूनच चालू राहतं. खरी रेकॉर्ड असती तर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या असत्या. शिवाय फर्माईश. “डीजेताई, आशाबाईंचं काहीतरी लावा की,” म्हणत येणारी आजी आणि गेल्या महिन्यात आलेलं गाणं मागणारा तिचा नातू, दोघांना पुरेल एवढ्या रेकॉर्ड कुठल्या टेम्पोत भरायच्या?

लॅपटॉपचा एक दुर्गुण टाइमकोडनेही जात नाही. स्क्रीनवर दोन गाण्यांच्या आवाजाच्या लाटा दिसत असल्या की डोळे त्याच जुळवायला लागतात आणि कान सुट्टीवर जातात. मी उजेड पार कमी करते, गाणं निवडलं की मान वर. समोर कोण नाचतंय, कोण खुर्च्यांकडे निघालंय हे स्क्रीनवर येत नाही.

बारीक गोष्टी भराभर. केबली आता मागून काढता येतात, जुन्यात त्या आतून पक्क्या असायच्या आणि एक तुटली की मेकॅनिक गाठा. मोटरचा जोर आणि थांबण्याचा वेग बदलता येतो, पण ती बटणं प्लॅटरखाली, म्हणजे दरवेळी प्लॅटर उचला. ७८चा वेग आहे. आजोबांच्या लाखेच्या रेकॉर्ड काढाल तर त्यांच्या रुंद खाचेसाठी वेगळी सुई घ्या, नेहमीची लावू नका. आणि खोक्यात कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग, येत नाही. एवढे पैसे मोजल्यावर हे मला कंजूसपणाचं वाटतं.

पैशाचं म्हणाल तर जोडी, मिक्सर आणि सुया धरून आकडा दोन लाखांच्या बराच पुढे जातो. धंदा नुकता सुरू केला असेल तर कंट्रोलर घ्या, उरलेल्या पैशात चांगला लॅपटॉप आणि एक जादा हार्ड डिस्क. घरी निवांत ऐकायचं असेल तर पट्ट्याचा साधा प्लेअर पुष्कळ झाला. जुनी गाणी एकात एक गुंफायचा नाद ज्याला आहे, त्याने मात्र घ्यावं, आणि आधी एकच घ्यावं. एका बाजूला डेक, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप, मध्ये मिक्सर. एका बाजूचं गाणं स्थिर असलं की दुसरी बाजू सांभाळायला शिकणं सोपं जातं.

रेकॉर्डसाठी पुण्यात रविवारी जुना बाजार, मुंबईला गेलात तर चोरबाजार. चरे सगळेच बघतात, तुम्ही मधलं भोकही बघा. ते केंद्रात नसेल तर ३३च्या वेगात दर १.८ सेकंदाला सूर हेलकावतो आणि कुठलीही पिच पट्टी तो सरळ करू शकत नाही. अशी रेकॉर्ड असेल तर भाव पाडून मागा, किंवा सोडून द्या.