टिकटिक मॅनिफोल्डची, बिल मात्र अख्ख्या इंजिनाचे

डिझेल ट्रकचे इंजिन थंड असताना टिकटिक करत असेल आणि तापल्यावर तो आवाज विरून जात असेल, तर कोणालाही इंजिन उघडण्याची परवानगी देण्यापूर्वी हा अनुभव वाचावा. माझ्या ट्रकच्या बाबतीत एका गॅरेजने या आवाजाचे निदान जाणूनबुजून चुकीचे केले आणि न केलेल्या कामाचे पैसे घेतले. त्यासाठी जे ‘पुरावे’ मला दाखवण्यात आले, ते इतके पटण्यासारखे होते की त्यांची माहिती इतर मालकांना असणे मला आवश्यक वाटते.

आवाज बारीक, कोरडा आणि ठरावीक लयीचा होता. ऑइलचा दाब व्यवस्थित होता आणि गाडीची ओढही कमी झालेली नव्हती. इंजिन सहा सिलिंडरचे, आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) मिनिटाला सुमारे ६०० फेरे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे या वेगाला एक सिलिंडर सेकंदाला ५ वेळा आणि सहाही मिळून ३० वेळा. टिकटिक ऐकून मोजता येईल इतक्या संथ लयीत येत होती, त्यामुळे दोष एकाच सिलिंडरशी निगडित आहे एवढे स्पष्ट होते. तो कोणत्या भागात आहे, हे मात्र लयीवरून कळत नाही, आणि नेमका याच अनिश्चिततेचा गैरफायदा घेतला गेला.

गॅरेजमधल्या मिस्त्रींनी लोखंडी सळईचे एक टोक चेंबरला (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला) लावले, दुसरे माझ्या कानाशी धरले आणि आवाज खालून येत असल्याचे सांगितले. मग शेवटच्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा (आत डिझेल फवारणाऱ्या भागाचा) कनेक्टर काढला. टिकटिक जवळजवळ थांबली. “साहेब, कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले आहे. असाच चालवलात तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल,” असे ते म्हणाले. (हा रॉड पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी, जोडतो.) पुढे काढलेल्या ऑइलमध्ये चुंबक फिरवून त्याला चिकटलेला चुरा दाखवला आणि दुसऱ्या भेटीत चरे पडलेले, झिजलेले एक बेअरिंग हातात ठेवले. मी त्याचे सर्व बाजूंनी फोटो काढून ठेवले. बिलात क्रँक ग्राइंडिंग (क्रँक घासून गुळगुळीत करणे), बेअरिंगचा पूर्ण सेट आणि लायनर-पिस्टन किट (सिलिंडरचे आतले अस्तर आणि पिस्टन) असे सगळे होते. ट्रक ताब्यात घ्यायला गेलो तेव्हा इंजिन आधीपासून चालू ठेवून चांगले तापवलेले होते आणि आवाज अजिबात येत नव्हता. पुढच्याच थंड स्टार्टला तीच टिकटिक, त्याच जागी, परत ऐकू आली.

दुसऱ्या मिस्त्रींनी काहीही उघडले नाही. इंजिन पूर्ण थंड असताना चालू करून, पंखा आणि पट्टा यांच्यापासून दूर राहत, त्यांनी रबरी नळीचे एक टोक कानाशी धरले आणि दुसरे एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांतला धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या भागाच्या) कडेने सावकाश फिरवले. शेवटच्या पोर्टपाशी आवाज एकदम मोठा झाला. तिथे हेडवर (सिलिंडरांवरच्या झाकणावर) काजळीचा काळा ओघळ होता, मॅनिफोल्ड आवळणारा एक स्टड तुटलेला होता आणि त्या जोडातले गॅस्केट जळालेले होते. थंड असताना त्या फटीतून दर वेळी दाबाने धूर बाहेर पडत होता आणि त्याचाच तो आवाज होता. धातू तापून प्रसरण पावला की फट मिटायची. म्हणजे गरम इंजिन माझ्या ताब्यात देणे हा योगायोग नव्हता.

आता ते पुरावे एकेक करून पाहू. सळई हे चांगले साधन आहे, पण ब्लॉकमधून आवाज सगळीकडे पसरतो, म्हणून चेंबर, टॅपेट कव्हर, एअर कॉम्प्रेसर, मॅनिफोल्ड अशा अनेक जागी ऐकून तुलना केल्याशिवाय त्याला अर्थ नाही. इंजेक्टर बंद केल्यावर आवाज घटणे हे तर बेअरिंगच्या दोषातही होते आणि मॅनिफोल्डच्या गळतीतही, कारण दोन्हीकडे आवाज त्या सिलिंडरच्या दाबावर अवलंबून असतो. या चाचणीतून सिलिंडर कळतो, भाग कळत नाही. (कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या पाइपातून डिझेल मिळते अशा इंजिनात, मात्र यासाठी इंजेक्टरचे पाइप कोणालाही सैल करू देऊ नयेत, तिथला दाब १००० बारच्याही पुढे जातो आणि डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते.) चुंबकाला चिकटणारा चुरा लोखंडाचा असतो. बेअरिंगचा झिजणारा थर तांबे, शिसे, ॲल्युमिनियम, कथील अशा धातूंचा असतो आणि तो चुंबकाला चिकटत नाही. तो पाहायचा असेल तर ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडावा.

सर्वांत संतापजनक गोष्ट फोटोंतून उघड झाली. दाखवलेल्या बेअरिंगच्या पाठीवर ०.५० हा आकडा होता, म्हणजे ते आधी ग्राइंड करून बारीक झालेल्या क्रँकसाठीचे अंडरसाइज बेअरिंग होते. माझा ट्रक नवा घेतल्यापासून माझ्याकडेच आहे आणि त्याचा क्रँक त्याआधी कधीही ग्राइंड झालेला नव्हता. ते बेअरिंग दुसऱ्याच कुठल्या तरी इंजिनाचे होते. शिवाय हेड उचलल्याशिवाय लायनर काढता येत नाहीत, आणि माझ्या हेडच्या बोल्टवर जुनी धूळ-तेलाची पुटे जशीच्या तशी होती, हेड गॅस्केटची कडही जुनीच होती. नवे सीलंट फक्त चेंबरच्या जोडाला लावलेले दिसले.

ज्यांच्या गाडीला असा आवाज येत असेल त्यांनी आधी थंड आणि गरम इंजिनाचा आवाज स्वतः मोबाइलवर रेकॉर्ड करावा, गेज लावून ऑइलचा दाब मोजायला सांगावे, टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट उत्पादकाने सांगितलेल्या स्थितीत फीलर गेजने तपासून घ्यावी आणि ‘बेअरिंग गेले’ असे कोणी म्हणाल्यास ते स्वतःच्या डोळ्यांसमोर काढायला लावून पाठीवरचा आकडा वाचावा. बदललेला प्रत्येक जुना भाग मागून घ्यावा.

नवा स्टड आणि गॅस्केट बसवल्यावर माझ्या ट्रकची टिकटिक थांबली. हेडचे फोटो समोर ठेवल्यावर गॅरेजने लायनर-पिस्टन किटचे पैसे परत केले, पण क्रँक ग्राइंडिंग केल्याचा दावा अद्याप सोडलेला नाही आणि त्या कामाची लेथवाल्याची पावतीही दिलेली नाही. त्यामुळे चेंबर त्रयस्थ मिस्त्रींसमोर उघडून आत बसवलेल्या बेअरिंगवरचा आकडा वाचावा, अशी लेखी मागणी मी केली आहे. तिथे स्टँडर्ड साइज (न घासलेल्या क्रँकची मूळ साइज) निघाली, तर क्रँक ग्राइंडिंगचे पैसेही त्यांना परत करावे लागतील.