स्पेनहून मोरोक्कोला बाईक नेताना: तारिफा, अल्हेसिरास, सेउता की थेट लांबची बोट?

जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वात अरुंद ठिकाणी जेमतेम १४ किलोमीटर आहे. त्यामुळे बहुतेक जण बोटीचा वेळ आणि तिकिटाचा दर पाहून बंदर ठरवतात. आमच्या मते हा निकष चुकीचा आहे. तिन्ही छोट्या मार्गांवर पाण्यातला वेळ तास-दीड तासाच्या आतबाहेर असतो. खरा फरक पडतो तो गाडीचा कस्टम्सचा कागद कुठे होतो, वारा सुटल्यावर बोट निघते का आणि उतरल्यावर पहिली रात्र कुठे काढायची आहे यावर. बंदर या तीन गोष्टींवर ठरवा.

आधी कागद, कारण तो चारही मार्गांना सारखाच लागतो. मोरोक्कोला कार्नेची (अनामत ठेवून मिळणाऱ्या, गाडी परदेशी नेण्याच्या कस्टम्स पुस्तिकेची) गरज नाही. पासपोर्टवर शिक्का बसला की कस्टम्सवाले गाडीच्या तात्पुरत्या आयातीची नोंद करतात आणि एक चिठ्ठी देतात. तिच्यावरचा नंबरप्लेटचा आणि चासीचा क्रमांक आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा, आणि तेही काउंटरसमोर उभे असतानाच. एखादे अक्षर चुकले असेल तर तिथे दोन मिनिटांत दुरुस्त होते. परतीच्या वेळी तीच चूक सापडली तर अर्धा दिवस जातो, कारण संगणकात तुमच्या नावावर भलतीच गाडी देशात आलेली दिसते. पर्यटकाची गाडी वर्षात जास्तीत जास्त सहा महिने ठेवता येते, आणि ती तुमच्या नावाला जोडलेली असते. गाडी मोडली म्हणून तिथेच सोडून विमानाने परत येता येत नाही.

अल्हेसिरास ते टँजर मेद

पहिल्यांदा जाणाऱ्याला आम्ही हाच मार्ग सुचवू. बोटीला सुमारे दीड तास लागतो. चढणे, उतरणे, धक्क्यावरची वाट धरून तीन-साडेतीन तास मोजा. बोटी मोठ्या आणि जड आहेत, फेऱ्या भरपूर आहेत, आणि पूर्वेचा लेव्हान्ते वारा सुटला तरी त्या बऱ्यापैकी टिकून राहतात. कस्टम्स बंदरातच आहे, शिवाय सीमेवरचा विमा काढून देणारा काउंटरही आहे. भारतीय नंबरप्लेटच्या गाडीला ग्रीन कार्ड (दुसऱ्या देशांतही चालणाऱ्या वाहनविम्याचा दाखला) नसते, त्यामुळे त्या काउंटरला महत्त्व आहे.

उणे बाजू अशी, की हे बंदर टँजियर शहरात नाही. ते शहराच्या पूर्वेला चाळीसेक किलोमीटरवर, मालवाहतुकीसाठी उभारलेले अवाढव्य बंदर आहे. संध्याकाळी उशिरा उतरलात तर अनोळखी रस्त्यावर अंधारात चाळीस किलोमीटर जायचे आहेत. सकाळची बोट धरा.

तारिफा ते टँजियर शहर

ही वेगवान बोट तासाभरात थेट जुन्या शहराच्या पायथ्याशी उतरवते. हॉटेल चालत गाठता येते, गर्दी कमी असते, ट्रक नसतात. टँजियरमध्ये एक-दोन दिवस राहायचे असेल तर याहून सुखाचा मार्ग नाही.

पण तारिफा हे युरोपातल्या सर्वात वाऱ्याच्या गावांपैकी एक आहे, आणि हलक्या वेगवान बोटींना लाटांच्या उंचीची मर्यादा असते. लेव्हान्ते दोन-तीन दिवस टिकतो, आणि तेवढे दिवस ही सेवा बंद राहू शकते. अशा वेळी वीसेक किलोमीटरवरच्या अल्हेसिरासला जाऊन तिथून निघायचे, म्हणून तिकीट बदलता येण्याजोगे घ्या. परतीचे तिकीट बहुधा त्याच कंपनीपुरते चालते, तेही लक्षात ठेवा. ज्यांचे विमान किंवा भाड्याच्या गाडीची परतीची वेळ ठरलेली आहे, त्यांनी परतीसाठी तारिफावर विसंबू नये.

अल्हेसिरास ते सेउता

सेउता आफ्रिकेच्या किनाऱ्यावर असले तरी स्पेनचे शहर आहे. म्हणजे तासाभराची बोट देशांतर्गत, आणि खरी सीमा नंतर ताराहालच्या फाटकावर, जमिनीवर. शेफशावेन किंवा तेतुआनकडे जाणाऱ्याला हा मार्ग सोयीचा आहे. तेतुआन सीमेपासून चाळीसेक किलोमीटर. सेउतात मुख्य भूमीवरचा व्हॅट लागू नाही, त्यामुळे पेट्रोल स्वस्त मिळते. टाकी तिथेच भरा.

अडचण सीमेवर येते. बंदरात माणसांची रांग आपोआप योग्य खिडकीपाशी नेते. ताराहालला तसे होत नाही. पासपोर्टची खिडकी वेगळी, गाडीची वेगळी, आणि पहिला शिक्का बसला की पुढे जाऊ देतील असे वाटून लोक दुसरी खिडकी चुकवतात. मग गाडी देशात आहे, पण कागद नाही, आणि हे कळते परतताना. जॅकेट घालून फिरणारे, फॉर्म हातात देणारे आणि पैसे मागणारे लोक सरकारी नसतात. फॉर्म फुकट असतो. नम्रपणे नको म्हणा आणि गणवेशातल्या माणसालाच विचारा. शनिवार-रविवारी आणि सणांच्या आधी इथली रांग तासन् तास हलत नाही.

बार्सिलोना किंवा जेनोआहून लांबची बोट

जर्मनी, नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी रायडरनी हा पर्याय हिशेबात धरावाच. बार्सिलोनाहून एक रात्र आणि बराचसा दिवस, इटलीतल्या जेनोआहून साधारण दोन रात्री. बार्सिलोना ते अल्हेसिरास हे सुमारे ११०० किलोमीटर वाचतात, आणि मागचा टायर महामार्गावर मधोमध झिजून चौकोनी होत नाही. पासपोर्टचे शिक्के बोटीवरच होतात. पोलिसांचे टेबल लागले की आधी तिथे जा, जेवण नंतर. आठवड्यात फेऱ्या मोजक्या असल्याने एक चुकली तर वेळापत्रकच कोलमडते. वेळ थोडा असेल तर हा मार्ग धरू नका.

डेकवर बाईक बांधणे

छोट्या फेरीत खलाशी कधी नीट बांधतात, कधी दोरी हातात देऊन निघून जातात. स्वतःचे दोन रॅचेट पट्टे बरोबर ठेवा. गाडी पहिल्या गिअरमध्ये, साइड स्टँडवर, हँडल स्टँडच्या बाजूला वळवून लॉक. मेन स्टँडवर गाडी उंच होते आणि डोलते, म्हणून साइड स्टँड बरा. पट्टा सीटवरून आडवा टाकून दोन्ही बाजूंच्या कड्यांना अडकवा आणि गाडीचे वजन स्टँडवर दाबले जाईल इतका ताणा. सीट चिरू नये म्हणून खाली हातमोजा किंवा जुना टॉवेल घाला. पुढचा पट्टा हँडलच्या टोकाला बांधू नका, फोर्कच्या खालच्या क्लॅम्पला बांधा. पुढचे सस्पेन्शन साधारण एक तृतीयांश दबले की पुरे. पुढच्या ब्रेकचा लिव्हर रबरबँडने दाबून ठेवला तर गाडी मागेपुढे सरकत नाही.

डेकचे लोखंड तेलकट आणि बहुधा ओले असते. रॅम्पच्या जोडपट्टीवर ब्रेक लावू नका, वळूही नका. झुकल्यावर वाजणारा अलार्म असेल तर बंद करा, नाहीतर तासभर वाजून बॅटरी उतरते. प्रवासात डेक कुलूपबंद असतो, म्हणून पासपोर्ट, आरसी, विमा, पाणी आणि एक जॅकेट एकाच पिशवीत वर न्या.

भारतीय पासपोर्ट किंवा भारतीय गाडी असेल तर

सर्वात मोठा खड्डा शेंगेन व्हिसाचा, म्हणजे स्पेनसह युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसाचा आहे. मोरोक्कोला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परत स्पेनमध्ये येता येणार नाही. सेउतामार्गे गेल्यानेही यात फरक पडत नाही. बहुप्रवेश व्हिसाच हवा. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या बाह्य सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे परतीची रांग लांबते. युरोपचा रहिवासी परवाना असणाऱ्यांना ही नोंद लागू नाही. मोरोक्कोसाठी ई-व्हिसाची सोय आहे.

मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून कार्ने घेऊन निघालेल्यांनी ते मोरोक्कोत विनाकारण पुढे करू नये. आत येतानाचा शिक्का बसला आणि बाहेर पडतानाचा राहिला, तर भारतात ठेवलेली अनामत अडकते. तात्पुरत्या आयातीची चिठ्ठी पुरेशी आहे.

स्पेनमध्ये भाड्याने घेतलेल्या गाडीसाठी मालकाचे लेखी परवानगीपत्र आणि मूळ नोंदणीपत्र हवे. ग्रीन कार्डवर देशांच्या कोडची चौकट असते. तिथे मोरोक्कोचा 'एमए' खोडलेला असेल तर विमा लागू नाही, एजंट तोंडाने काहीही म्हणो. ड्रोन नेऊ नका, कस्टम्समध्ये जप्त होतो. दिरहॅम आधीच मोठ्या प्रमाणात घेऊन जाता येत नाहीत. मर्यादा २००० आहे.

हंगाम आणि परतीचा प्रवास

१५ जून ते १५ सप्टेंबर या काळात युरोपातले मोरोक्कन कुटुंबीय गाड्या भरून घरी जातात-येतात. या तीन महिन्यांत अल्हेसिरास आणि टँजर मेद दोन्हीकडे प्रचंड गर्दी असते. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर उत्तम. उन्हाळ्यात मोरोक्कोचे घड्याळ स्पेनच्या एक तास मागे असते, हिवाळ्यात दोन्ही सारखी, आणि रमजानमध्ये मोरोक्को आपले घड्याळ आणखी एक तास मागे घेतो. तिकिटावर स्थानिक वेळ छापलेली असते.

परतताना टँजर मेदला बोटीच्या किमान तीन तास आधी पोहोचा. लपून जाणाऱ्यांचा शोध आणि स्कॅनर यांत वेळ जातो. कस्टम्सने गाडीची नोंद बंद केल्याची खात्री करूनच बोटीच्या रांगेत लागा. बोटीने परतणार नसाल, दक्षिणेला मॉरिटानियाकडे निघाला असाल, तर हीच नोंद गेरगेरातच्या फाटकावर बंद करून घ्यावी लागते.