पुण्याच्या तपकीर गल्लीतलं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान: रॅम वाढवल्यावर गोठणारा पीसी इथे बरा झाला

मी घरून दिवाळी अंकांची मांडणी करते. ऑगस्ट लागला की माझा डेस्कटॉप रोज बारा-बारा तास चालतो. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि ८ जीबीच्या दोन रॅम. इनडिझाइन आणि फोटोशॉप एकत्र उघडले की अडखळायचा, म्हणून यंदा त्याच कंपनीच्या, त्याच ३२०० स्पीडच्या आणखी दोन रॅम मागवून बसवल्या. झाले ३२ जीबी.

दुसऱ्याच दिवसापासून मशीन गोठायला लागलं. निळा स्क्रीन नाही, एरर नाही. माउसचा बाण जागच्या जागी, गाणं लावलेलं असेल तर एकच घरघर, आणि शेवटी पॉवरचं बटण दाबून धरायचं. कधी दिवसातून एकदा, कधी तासात दोनदा. एका अंकाची जाहिरातींची पानं मी तीन वेळा लावली.

घराजवळच्या एका दुकानात मशीन नेलं. तिथे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ बघून एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) गेलाय असं सांगितलं. नवा बसवला, विंडोज पुन्हा टाकलं, साडेतीन हजार झाले. माझे सगळे मराठी फॉन्ट परत टाकण्यात एक दिवस गेला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग एका प्रेसवाल्यांनी तपकीर गल्लीतल्या या दुकानाचं नाव सुचवलं. जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. काउंटरवरच्या दादांनी पहिला प्रश्न विचारला, “ताई, त्रास सुरू व्हायच्या आधी शेवटचं काय बदललं होतं?” इतके दिवस हे मला कुणी विचारलंच नव्हतं. ४१ नंबरची नोंद म्हणजे मशीन नीट बंद झालं नाही एवढंच, का ते त्यातून कळत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मी स्वतः बटण दाबून बंद करत होते, म्हणजे ती नोंद येणारच!

चारही रॅम काढून त्यांनी एकेक करून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमवर तपासली. चारही पास. दोन-दोनच्या जोड्या, त्याही पास. चारही एकत्र लावल्या आणि थोड्याच वेळात स्क्रीनवर लाल ओळी, म्हणजे एरर. रॅम खराब नव्हती. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्यावर लिहिलेल्या जास्त स्पीडला चालवायचं सेटिंग, चालू होतं, म्हणजे चारही रॅम ३२०० वर पळत होत्या. या प्रोसेसरला दोन रॅम ३२०० वर चालतात, चार लावल्या तर तो बनवणाऱ्या एएमडीनेच मर्यादा खाली ठेवली आहे: २९३३, आणि ड्युअल रँक (एकाच रॅमवर चिप्सचे दोन गट) असतील तर २६६७. दादा म्हणाले, “दोघांची लेझीम जलद जमते. चौघांना त्याच गतीत खेळवलं की एकाचा ठेका चुकतो.” स्पीड २६६७ केला, रात्रभर टेस्ट चालू ठेवली. सकाळी शून्य एरर. तो स्क्रीन त्यांनी मला दाखवला, मगच मशीन हातात दिलं.

चारशे रुपये घेतले. मला नवी रॅम विकायची संधी होती, ती त्यांनी घेतली नाही. जुना एसएमपीएसही त्यांनी तपासला, तो उत्तम चालतोय. मला याचं फार वाईट वाटलं, कारण तो आधीच्या दुकानात सहज तपासता आला असता.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही, कॅबिनेट उचलून चालावं लागतं, तेव्हा सोबत कुणीतरी न्या. आणि बिलावर फक्त ‘सर्व्हिस’ लिहिलं होतं, काय केलं ते मी मागून लिहून घेतलं.

आता दोन महिने झाले, एकदाही गोठलेलं नाही. पीडीएफ काढायला पूर्वीइतकाच वेळ लागतो, स्पीड कमी केल्याचा फरक मला तरी जाणवत नाही. निघताना दादांनी बजावलं होतं, मदरबोर्डचा सेल बदलला किंवा बायोस अपडेट केलं तर हे सेटिंग पुसलं जाईल आणि रॅम आणखी हळू चालेल. त्याने बिघडणार काही नाही, फक्त एक्सएमपी पुन्हा चालू करायचं नाही. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे स्पीड दिसतो. मी दर सोमवारी बघते.