टेप, सेन्सर की तयार आकडे? नववीच्या वर्गात आरोग्याचा डेटा कुठून सुरू करावा

समजा शाळा आश्रमशाळा आहे किंवा महापालिकेची. हातात शनिवारचे दहा-बारा तास, चालू स्थितीतले चार-पाच संगणक, आणि लाइटीचा भरवसा नाही. अशा ठिकाणी आरोग्य तंत्रज्ञान आणि डेटा सायन्सची ओळख करून द्यायला तीन वाटा आहेत: मुलांनी स्वतः उंची-वजन मोजणं, सेन्सर जोडणं, किंवा सरकारी सर्वेक्षणाचे तयार आकडे अभ्यासणं. खर्च नंतर बघू. आधी हे बघा की आकडा चुकला तर तो मुलांना स्वतःला पकडता येतो का.

या कसोटीवर टेप आणि वजनकाटा सरळ पुढे जातात, तरी बहुतेक जण ही वाट ‘फारच साधी’ म्हणून सोडतात. टेप भिंतीला चिकटवताना शून्य जमिनीला टेकलेलं हवं. भिंतीच्या तळाशी फरशीची पट्टी पुढे आलेली असेल तर टाचा भिंतीला लागत नाहीत, तिथे मोजू नका. चपला काढायच्या, अंबाडा सोडायचा, डोक्यावर मोठा गुण्या काटकोनात धरायचा. प्रत्येकाची उंची दोन वेगवेगळ्या मुलांनी मोजायची. फरक एक सेंटिमीटरहून जास्त आला तर तिसऱ्यांदा. मोजमापातली चूक म्हणजे काय, हे इथे वेगळं शिकवावं लागत नाही.

मग तक्ता. लिबरऑफिस कॅल्क (एक्सेलसारखं सॉफ्टवेअर) फुकट आहे आणि नेटशिवाय चालतं. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. ४२ किलो आणि १.५२ मीटरचा तो १८.२ येतो, उंची १५२ अशी भरली तर ०.००१८, आणि वर्गात कोणीतरी हमखास ओरडतं. खरी गोम पुढे आहे. १८.५ च्या खाली म्हणजे कमी वजन, हा निकष प्रौढांचा. चौदा वर्षांच्या मुलीला तो लावला तर धडधाकट मुलगी ‘कुपोषित’ ठरते. जागतिक आरोग्य संघटनेचे ५ ते १९ वयोगटाचे, मुलगे-मुलींचे वेगवेगळे तक्तेच वापरा. माहिती फोनवरून मराठी कीबोर्डने भरली असेल तर ‘१५२’ अनेकदा मजकूर म्हणून बसतो. सरासरीचं सूत्र अशा चौकटी गुपचूप वगळतं. COUNT (फक्त आकड्यांच्या चौकटी मोजतं) आणि COUNTA (भरलेल्या सगळ्या चौकटी मोजतं) यांची उत्तरं जुळवून पाहिली की हे कळतं.

नावांऐवजी क्रमांक लिहा, वजन मोठ्याने वाचू नका, पालकांची लेखी संमती घ्या. वजनावरून चिडवाचिडवी सुरू झाली की उपक्रम संपलाच.

सेन्सरमध्ये मजा जास्त, डोकेदुखीही जास्त. ईएसपी३२ बोर्ड (सेन्सर जोडून प्रोग्रॅम चालवायचा छोटा सर्किट बोर्ड), नाडीसाठी मॅक्स३०१०२, तापमानासाठी डीएस१८बी२०, ब्रेडबोर्ड (डाग न देता वायरी जोडायची छिद्रांची पट्टी) आणि वायरी मिळून एका गटाचा खर्च हजार रुपयांच्या आसपास जातो. शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) असेल तर यातलं बरंचसं तिथल्या कपाटात सापडेल. पहिला तास सहसा केबल खाते: ती फक्त चार्जिंगची निघते आणि संगणकाला बोर्ड दिसतच नाही. केबल आणि ड्रायव्हर आदल्या दिवशी तपासून ठेवा. तापमान −१२७ दिसलं तर सेन्सरशी संपर्क तुटलाय. बहुधा वायर सैल असते किंवा ४.७ किलोओमचा रेझिस्टर लावायचा राहिलेला असतो. ८५ दिसलं तर ते मोजमापच नाही, सेन्सर सुरू होतानाचा ठरलेला आकडा आहे. दोन्ही तक्त्यात तसेच ठेवून सरासरी काढायला सांगा. डेटा का साफ करायचा हे एका मिनिटात पटतं.

नाडीच्या सेन्सरवर बोट जोरात दाबलं की रक्तप्रवाह अडतो, हलकं ठेवलं की बाहेरचा उजेड शिरतो. रबरबँडने एकसारखा दाब द्या. ७० च्या जागी १४० येत असतील तर प्रोग्रॅम एका ठोक्याचे दोन मोजतोय. मनगटावर तीस सेकंद मोजून दुप्पट करा आणि ताडून पाहा. हाच सेन्सर रक्तातल्या ऑक्सिजनचाही आकडा देतो. तो मात्र असा ताडता येत नाही, म्हणून तो निदान म्हणून दाखवूच नका. रुग्णालयातल्या ऑक्सिमीटरचीही याबाबत मर्यादा आहे: २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यंत्राने न दाखवलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट आढळली. यंत्र कोणावर तपासून बनवलंय, हा प्रश्न नववीतल्या मुलांना चांगला कळतो.

सहाच तास असतील तर टेपवर थांबा. सेन्सर घ्यायचाच तर टेपनंतर, आणि ब्रेडबोर्ड हाताळलेलं कोणीतरी वर्गात असेल तरच.

तयार आकडे अकरावीसाठी ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (एनएफएचएस-५, २०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. विषय घरातला, पण आकडा पडताळायची सोय मुलांकडे नाही. जिल्ह्यांची पत्रकं पीडीएफमध्ये असतात, त्यामुळे ३६ जिल्ह्यांतला एखादा निर्देशक शिक्षकाने आधी टाइप करून ठेवावा. नेट असेल तर कोडॅप (शाळांसाठीचं डेटा अभ्यासायचं साधन) ब्राउझरमध्ये फुकट चालतं आणि आलेख ओढून-सोडून करता येतात. आधीच्या सर्वेक्षणाशी (एनएफएचएस-४) तुलना करताना ठाणे बाजूला ठेवा: पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला, पण एनएफएचएस-४ ने २०११ च्या जनगणनेचेच जिल्हे धरले होते. दोन्ही तक्त्यांत नाव ठाणेच आहे, भूभाग मात्र एक नाही.